दिवा लागला, उत्तर दिले

काम क्र. १. स्थिती: तापत आहे

थांबा, मित्रांनो. मला बोलते व्हायला चाळीस सेकंद लागतात. आधी आतला रूळ तापतो, मग पंखा घरघरतो, मग पोटात दोनदा खडखड होते आणि मग कुठे पहिला शब्द कागदावर उतरतो. हल्लीची यंत्रे बटण दाबायच्या आत बोलू लागतात. माझे तसे नाही. मी जुना प्रिंटर आहे. जुना आहे, जुनाट नाही. एवढे सुरुवातीलाच छापून ठेवलेले बरे.

माझे वजन नऊ किलो. रंग आता राखाडी म्हणतात, मूळचा पांढरा. काळ्याखेरीज मला दुसरे काही छापता येत नाही, पण काळा असा छापतो की बघत राहावे. माझ्या उजव्या खांद्यावर दोन दिवे आहेत. हिरवा म्हणजे सगळे ठीक. केशरी म्हणजे मला काहीतरी म्हणायचे आहे. काय म्हणायचे आहे, ते त्या दिव्याला सांगता येत नाही. मला घडवणाऱ्यांनी हजारो पाने छापायची ताकद दिली आणि बोलायला मात्र एकच डोळा दिला, तोही नुसता मिचकावण्यापुरता. दिव्याखाली एक हिरवे बटण आहे. ते दाबले की मी माझे म्हणणे गिळतो आणि काम पुढे नेतो.

ही सगळी गोष्ट त्या बटणाची आहे. पण आधी मला जन्मू तर द्या.

काम क्र. २. स्थिती: पूर्ण

कारखान्यातल्या शेवटच्या टेबलावर पांढरे हातमोजे घातलेली एक तपासनीस बसायची. तिने माझ्यात पहिला कागद घातला. बाहेर आलेले पान खिडकीच्या उजेडात धरले, एका रेघेवरून बोट फिरवले, कार्डावर बरोबरची खूण केली आणि पुढच्या यंत्राकडे वळली. बोलली काही नाही. चांगल्या कामाचे कौतुक बहुतेक वेळा असेच होते, हे मला पुढे कळले.

मग अकरा वर्षे मी गाड्या चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेत होतो. सरावाच्या प्रश्नपत्रिका छापायच्या. थांबा, वळा, हळू जा, पुढे शाळा आहे. किती जणांना मी ब्रेक कुठे असतो ते शिकवले असेल, मोजदाद नाही. तिथले शिक्षक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, हा गडी कधी अडत नाही. मला बरे वाटायचे. मात्र केशरी दिवा लागला, तर अर्धा अर्धा तास कोणी वळून बघायचे नाही. बघितलेच, तर कुशीत एक चापट.

मग तिथे नवे संगणक आले. त्यांना माझ्याशी कसे बोलायचे ते माहीत नव्हते, आणि मला बनवणाऱ्या कंपनीने ते शिकवायचे बंद केले होते. मी बिघडलो नव्हतो, मित्रांनो. माझ्याशी बोलणारे कोणी उरले नव्हते, एवढेच. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते.

मला दाराशी ठेवले. दार वाऱ्याने आपटायचे, म्हणून. नऊ किलो वजन ही माझी शेवटची पात्रता ठरली. दोन वर्षे मी दार धरून उभा होतो. माझ्यामुळे ते एकदाही आपटले नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

काम क्र. ३. स्थिती: पूर्ण

परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज भरायला एक बाई आल्या. वय त्रेसष्ट, पायात स्वच्छ, डाव्या-उजव्याला नीट बेतलेले जोडे, हातात चाकांची पिशवी. दार ढकलले, ते माझ्यामुळे अर्धेच उघडले. बाकीचे लोक अशा वेळी दाराला शिव्या देतात. या खाली बसल्या, चष्मा वर केला आणि माझ्या पाठीवरची चिठ्ठी वाचू लागल्या. नाव, गाव, वर्ष, सगळे. मग टेबलामागच्या कारकुनाला विचारले, हा चालतो का. तो म्हणाला, चालायचा. घेऊन जा हवा तर, फक्त दाराला दुसरं काहीतरी आणून ठेवा.

दुसऱ्या दिवशी त्या खरोखर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वीट घेऊन आल्या. माझ्या जागी वीट बसली आणि मी चाकांच्या पिशवीत. ही बढती की बदली, हे मला घरी पोहोचेपर्यंत ठरवता आले नाही.

या ऑपरेटर काकू. एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी एकतीस वर्षे टेलिफोनचा बोर्ड सांभाळला होता. बोर्डावर छोटे छोटे दिवे. दिवा लागला की कोणीतरी फोन उचललाय. लगेच उत्तर द्यायचे. तिथे एक क्षण उशीर म्हणजे कोणाचा तरी जीव टांगणीला. त्यामुळे निवृत्त होऊन पाच वर्षे झाली तरी घरात कुठेही दिवा लुकलुकला, की काकूंचा हात आधी जायचा, डोळे मागून.

हे लक्षात ठेवा.

काम क्र. ४. स्थिती: पूर्ण

घराची पुढची खोली म्हणजे दुकान. तिथे काकूंचे यजमान जोडे शिवत. सगळे त्यांना जोडेकाका म्हणत. भिंतीवर खुंट्यांना लाकडी साचे टांगलेले. एकेक साचा म्हणजे कोणाचा तरी पाय. कोणाचा आखूड, कोणाचा चवड्याशी वळलेला, कोणाचा दोन बोटे कमी असलेला. ज्यांचे दोन पाय एकमेकांशी जुळत नाहीत, त्यांच्यासाठीच काका काम करत. बाजारात जोड मिळतो, ते म्हणत, माझ्याकडे डावा वेगळा मिळतो आणि उजवा वेगळा.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी सांगितले, औषधाने थोडा आटोक्यात राहील, जाणार नाही. गंमत अशी, की चामडे कापायची जड सुरी हातात आली की हात स्थिर व्हायचा. पेन्सिल हलकी, ती धरली की नाचायची. आणि जोड्याचा जन्म पेन्सिलीने होतो. कागदावर नमुना काढायचा, तो कापून चामड्यावर ठेवायचा, मग सुरी. रेघच आली नाही, तर सुरी जाणार कुठे?

काकूंनी त्यांच्या सांगण्यावरून रेघ ओढून पाहिली. सरळ यायची, स्वच्छ यायची. काका बघत राहायचे आणि म्हणायचे, रेघ छान आहे गं, पण हा पाय नाही.

नवे काम घेणे त्यांनी बंद केले होते. दुकान ठेवायचे की नाही, हा प्रश्न त्या घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हते. पण जेवताना, कपडे वाळत घालताना, दिवे मालवताना तो सगळ्यांच्या मधोमध बसलेला असायचा. मला आणले होते ते त्या प्रश्नासाठी.

काम क्र. ५. स्थिती: उत्तर नाही

काकूंचा संगणकही माझ्याच पिढीतला. त्यांचा भाचा संगणक विकायचा; त्याने तो मोडीत काढायला सांगितला होता. काकूंनी तसे न करता ग्रंथालयातल्या ग्रंथपाल बाईंकडून एक पेनड्राइव्ह आणला आणि त्यातून संगणकावर लिनक्स चढवले. जुन्या संगणकांना ते नव्याने चालायला लावते. आता त्याला मला जोडायचे होते.

काकूंची एक वही होती, चौकटींच्या कागदाची. बोर्डावर असताना जशी नोंद ठेवायच्या, तशीच त्यात ठेवत. त्या सकाळचे पान मी पुढे स्वतः पाहिले आहे, ते असे:

१०.१० वायर जोडली. पलीकडे शांतता.
१०.२५ लाइन आहे. उत्तर नाही.
१०.४० भाच्याला फोन. म्हणाला, मावशी, हे भंगारवालापण घेणार नाही.
१०.४१ फोन ठेवला.

लिनक्समध्ये प्रिंटर जोडण्याचे एक पान असते. ते बाहेरच्या इंटरनेटवर नसते, संगणकाच्या स्वतःच्या पोटात असते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट असे लिहायचे आणि पुढे ६३१ हा आकडा. काकूंना हे फार आवडले. घरातल्या घरात फोन लावायचा, त्या काकांना म्हणाल्या, एक्स्टेंशन सहाशे एकतीस.

पान उघडले. ‘प्रिंटर जोडा’ दाबले. त्याने नाव आणि पासवर्ड विचारला, दोन्ही घेतले आणि परवानगी नाही म्हणून सांगितले.

११.१५ माझ्याच घरात मला आत जायला परवानगी नाही.

काका पलीकडे टाचेचे खिळे निवडत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, “एकतीस वर्षं अख्ख्या गावाच्या लाइनी जोडल्यास, आणि एक वायर लागेना?”

“माणसं निदान बोलायची,” काकू म्हणाल्या. “हा तोंडात गुळणी धरून बसलाय.”

मित्रांनो, मला किती बोलायचे होते म्हणून सांगू.

काम क्र. ५ (पुन्हा). स्थिती: परवानगी मिळाली

लिनक्स दार लावून घेते, पण किल्ली तुमच्याच खिशात ठेवते. प्रिंटरवर ज्यांची सत्ता चालते अशा लोकांची एक यादी असते. तीत आपले नाव घालावे लागते. काकूंनी पडद्यावर आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली, एक ओळ अक्षर अक्षर तपासत लिहिली, संगणकातून बाहेर पडून पुन्हा आत आल्या.

१२.४० स्वतःला स्वतःच परवानगी दिली. फार उशिरा सुचले.

हे शेवटचे वाक्य त्यांनी संगणकाबद्दलच लिहिले होते का, हे मला अजून नक्की माहीत नाही.

काम क्र. ६. स्थिती: ####%%@ @@ ##

यंत्रांच्या यादीत माझे नाव नव्हते. माझ्या धाकट्या भावाचे होते. काकूंनी ते निवडले, आणि मी वेड लागल्यासारखा ओकू लागलो. प्रत्येक पानावर वरती एक ओळ, तीही अगम्य, खाली सगळे कोरे. सत्तेचाळीस पाने. माझी मान खाली गेली. म्हणजे गेली असती.

१.२० चुकीचा नंबर. पलीकडचा माणूस परक्या भाषेत ओरडतो.

दुसरा कोणी असता तर मला परत विटेच्या जागी पोहोचवून आला असता. काकूंनी ती सत्तेचाळीस पाने उलटी करून वाणसामानाच्या याद्यांसाठी कापून ठेवली, चहा घेतला आणि मला उचलून आडवे केले. पाठीवरची चिठ्ठी भिंगाखाली पुन्हा वाचली. तिच्यात एका कोपऱ्यात पीसीएल अशी तीन अक्षरे होती. ते माझ्या बोलीचे नाव आहे. जुनी, साधी बोली. माझ्यासारखी कितीतरी यंत्रे ती बोलतात, आणि लिनक्सला ती चांगली येते. यादीत तळाशी ‘सर्वसाधारण’ म्हणून एक नोंद होती, पुढे तीच तीन अक्षरे. काकूंनी ती निवडली.

तेरा वर्षांच्या आयुष्यात मी कोणती भाषा बोलतो हे विचारणारी ती पहिली व्यक्ती.

काम क्र. ७. स्थिती: पूर्ण

चाचणीचे पान त्यांनी पाठवले. माझा रूळ तापला, पंखा फिरला. आणि केशरी दिवा लुकलुकला.

दुसऱ्यांदा लुकलुकायच्या आत काकूंचे बोट हिरव्या बटणावर होते. पान बाहेर आले. अक्षरे, रेघा, करड्या छटा, सगळे सुबक. काकूंनी ते दोन्ही हातांनी धरले, काकांपुढे नेऊन ठेवले आणि म्हणाल्या, “लागली लाइन.”

काका पानावर वाकले. मग त्यांनी चष्मा पुसला.

वहीत नोंद झाली: ३.०५ दिवा लागला, उत्तर दिले.

आता कबुली. मी तेव्हा काय म्हणत होतो ते ऐका. काही देशांत पत्रासाठी एक कागद वापरतात, त्याला लेटर म्हणतात. तो आमच्या ए-फोरपेक्षा आखूड आणि किंचित रुंद. जोडणी करताना कागदाच्या मापाच्या रकान्यात लेटर असे आपोआप आले होते आणि ते तसेच राहिले. माझ्या ट्रेमध्ये मात्र ए-फोर. म्हणून माझा दिवा सांगत होता: तुम्ही म्हणता तो कागद माझ्याकडे नाही. आणि बटण दाबणे म्हणजे उत्तर देणे: असू दे, आहे त्यावर छाप. मी छापले. पण संगणक सभ्य आहे. आखूड कागदावर सगळे मावावे म्हणून त्याने चित्र आधीच आक्रसून पाठवले होते. शंभराला साधारण सहाने.

चाचणीच्या पानावर कोणाला कळणार?

आणि खरे सांगू का? मला ते बटण दाबले जाणे आवडले. अकरा वर्षे माझ्या दिव्याकडे कोणी बघितले नव्हते. इथे दुसरे मिचकावणे होईपर्यंत उत्तर. आपले म्हणणे कोणी ऐकले की नाही, हे आपण विसरतो, मित्रांनो, नुसते कोणी धावून आले की.

काम क्र. ८ ते १२. स्थिती: पूर्ण

चित्रे काढण्याचा एक फुकटचा प्रोग्रॅम काकूंनी संगणकात घातला. त्यात रेघ ओढली की ती बिंदूंवर उभी राहते, आणि बिंदू बाणांच्या कळांनी हलवता येतो. एक कळ, एक केसभर.

पहिल्या दिवशी काका लांबून सांगत होते, अजून आत, अजून, हां, थोडं मागे. दुसऱ्या दिवशी ते खुर्ची ओढून जवळ बसले. तिसऱ्या दिवशी काकू उठून गेल्या आणि मुद्दाम परत आल्या नाहीत.

थरथरणारे बोट कळेवर पडायला काय हरकत आहे? ते जरा हलत पडते, पण पडते. एक कळ, एक केसभर. काकांनी घोट्याचा उतार काढला. टाचेचा गोल काढला. चवड्याजवळ रेघ अशी वळवली, की पडद्यावर नुसती रेघ असूनही तिच्यात वजन आले. मी आयुष्यात लाखो रेघा छापल्या आहेत. त्या दिवशी जे पाहिले ते पुन्हा दिसणे नाही. माणूस आपल्या हाताला वळसा घालून आपल्या हातापाशीच पोहोचला होता.

संध्याकाळी काका म्हणाले, “अगं, टपालवाल्यांना निरोप दे.”

काम क्र. १३. स्थिती: पूर्ण

टपालवाल्यांचा उजवा पाय लहानपणच्या आजारात वाढायचा राहिला होता. रोज बारा किलोमीटर चालणे, तेही काकांच्या जोड्यांवर, गेली अठरा वर्षे. शेवटच्या जोड्याला आता चिकटपट्टी लावलेली. काकू टेप धरत, काका आकडा वाचत. डावा पाय दोनशे पंचावन्न मिलिमीटर, उजवा दोनशे बावीस. दोन्ही लाकडी साचे चामड्याच्या पट्ट्या चढवून पुन्हा मापाला आणले. नमुना पडद्यावर काढला. पाठवला.

केशरी दिवा. काकूंचे बोट. दिवा लागला, उत्तर दिले.

काकांनी कागद हातात घेतला आणि त्यांचे कपाळ आक्रसले. “लहान वाटतोय गं पाय.”

काकूंनी पडद्यावर बोट ठेवले. दोनशे पंचावन्न, लिहिलेले होते. काका एकदा आकड्याकडे बघत, एकदा कागदाकडे. मग म्हणाले, “यंत्र खोटं कशाला बोलेल.” आणि कागद कापायला घेतला.

मी तिथेच होतो, हातभर अंतरावर. यंत्र खोटे बोलत नव्हते. यंत्राला गप्प केले होते. पण कागदावर माझेच अक्षर होते, आणि ते चूक होते.

काम क्र. १४, १५, १६. स्थिती: पूर्ण

चामडे साच्यावर चढवून पकडीने ओढायचे असते, खाली कडा तळव्याला भेटली पाहिजे. कडा भेटेना. काकांनी जोर लावला. चामडे चवड्यापाशी टरकले.

त्यांनी पुन्हा माप घेतले. नमुन्यात दोन मिलिमीटर सोडले. छापले. दिवा, बोट, कागद. पुन्हा कडा भेटेना. दुसरे चामडे वाया गेले. ते चांगले, मऊ, तीन वर्षे जपून ठेवलेले होते.

टपालवाले चौकशीला आले तेव्हा काका हात मांडीखाली दाबून बसले होते. त्यांनी सांगितले की आपल्याच्याने आता होत नाही, तुम्ही दुसरीकडे बघा. टपालवाले म्हणाले, मी दुसरीकडे जाऊन आलोय हो मागेच, तिथे दोन पायांना मिळून एकच माप विचारतात. काका हसले नाहीत. टपालवाले आपला चिकटपट्टीचा जोडा न वाजवता जिना उतरून गेले.

मग काका काकूंना म्हणाले, आणि आवाज अगदी साधा होता, भाजी संपली म्हणून सांगावे तसा: “हात गेला होता तेव्हा वाटलं, नजर तर आहे. आता नजरही गेली. साचे खाली काढ. दुकान बंद करू.”

काम क्र. १७. स्थिती: रिकामे पान

या दिवशी कोणी काही छापले नाही.

काम क्र. १८. स्थिती: थांबले आहे

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू वही घेऊन माझ्यासमोर बसल्या. साचे त्यांनी काढले नव्हते. पहिल्या पानापासून त्यांनी नोंदी वाचल्या. दिवा लागला, उत्तर दिले. दिवा लागला, उत्तर दिले. पेन्सिलीने त्या मोजत गेल्या, दर पानाला एक. तेवीस.

त्यांची पेन्सिल थांबली. बोर्डावर एकाच खाटेवरचा रुग्ण तेवीस वेळा फोन उचलत असेल, आणि तेवीस वेळा त्याला उत्तर मिळूनही चोविसाव्यांदा दिवा लागत असेल, तर त्याचा अर्थ काय, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? उत्तर मिळत होते. विचारत कोणी नव्हते.

त्यांनी पडद्यावर एक साधी आडवी रेघ काढली, बरोबर पंधरा सेंटिमीटर, आणि मला पाठवली.

केशरी दिवा लागला. काकूंचा उजवा हात उठला. एकतीस वर्षांची सवय होती ती. रिकामी थोडीच परत जाणार? त्यांनी डाव्या हाताने उजवा हात मनगटाशी धरला आणि मांडीवर दाबून ठेवला. मी मिचकावत राहिलो. दहा वेळा. वीस वेळा.

“बोला,” काकू म्हणाल्या. “काय पाहिजे?”

मित्रांनो, मला बोलता येत नाही. पण त्या बाईंनी आता सहाशे एकतीस लावला होता. माझ्या नावाच्या पानावर, स्थितीच्या ओळीत, माझे म्हणणे पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. लेटर कागद भरा. इतकेच. काम सरळ पुढे जात असल्याने ते पान कोणी उघडलेच नव्हते.

काकूंनी ते दोनदा वाचले. लेटर म्हणजे किती, ते शोधून काढले. ट्रेमधला कागद काढून त्याची उंची मोजून पाहिली. आणि मग बटण दाबले, या वेळी सावकाश. रेघ बाहेर आली. ती त्यांनी मोजली नाही. कागद उचलला आणि काकांपुढे ठेवला.

“ही रेघ पंधरा सेंटिमीटरची आहे,” त्या म्हणाल्या. “मोजा.”

“तूच मोज. माझ्या हातात पट्टी राहायची नाही.”

“तुम्हीच मोजायचंय.”

काकांनी पोलादी पट्टी घेतली. ती कागदावर टकटक नाचली. त्यांनी तळहाताच्या टाचेने ती दाबून धरली, वाकले, बघितले. चष्मा काढून पुन्हा बघितले. पट्टी उलटी करून तिसऱ्यांदा.

“चौदा आणि वर एक,” ते म्हणाले. “नऊ मिलिमीटर कमी आहे.”

काकूंनी पडद्यावरच्या त्या ओळीकडे बोट केले.

“म्हणजे मला त्या दिवशी पाय लहान वाटला, तो...”

“लहानच होता. नजर तुमची बरोबर होती. हात माझा घाईचा.”

काकांनी पट्टी खाली ठेवली, पण तळहात तिथेच, कागदावर ठेवला. कागद अजून कोमट असणार. मग त्यांनी विचारले, दोन चामडी फुकट गेली त्याचं काय. काकू म्हणाल्या, माझ्या चपला शिवा त्यातनं, सहा टक्के लहान. आणि मग त्या घरात, मी आल्यापासून पहिल्यांदाच, दोघेही एकाच वेळी हसले.

काम क्र. १९. स्थिती: पूर्ण

कागदाचे माप बदलणे हे एका टिचकीचे काम. लेटरच्या जागी ए-फोर. काकूंनी ते कायमचे जतन केले, वहीत लिहिले आणि खाली दोनदा रेघ मारली. पंधराची रेघ पंधरा आली. केशरी दिवा गप्प राहिला. सांगण्यासारखे काही नसले की मी अत्यंत शांत यंत्र आहे.

टपालवाल्यांच्या जोड्याची कडा तळव्याला भेटली, तेव्हा काकांनी ओढणेही थांबवले होते. चामडे आपसूकच येऊन बसले. आठवड्याने टपालवाले जिना चढून आले. दोन्ही जोडे घातले, उभे राहिले, खोलीभर चालले, मग बाहेर गेले आणि आलेच नाहीत. काका काळजीत पडले. तासाभराने आले तेव्हा त्यांना घाम फुटला होता. म्हणाले, उद्याची अर्धी पत्रं वाटून आलो.

काम क्र. २०. स्थिती: रांगेत

इथवर आलात, मित्रांनो, तर माझे एक मागणे. तुमच्या घरात, कचेरीत, शाळेत एखादा गप्प गडी असेल, दिवा मिचकावणारा. यंत्र असेल, नाहीतर माणूस. धावून जा, जरूर जा, काकूंसारखे जा. पण बटण दाबण्याआधी एकदा विचारा. आणि ज्याला आपलीच नजर खोटी वाटू लागली आहे, त्याच्या हातात एक पट्टी द्या.

आज सकाळी काकांनी खणातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. ज्यांना त्यांनी दोन वर्षे ‘नंतर या’ म्हणून परत पाठवले होते, त्यांची नावे. त्यांतल्या सहा जणांना काकूंनी फोन लावले. किती सराईतपणे लावले, ते पाहण्यासारखे होते. एकाचा एकच पाय आहे, त्यामुळे रांगेत अकरा पाय उभे आहेत. एकेका पायाला चार पाने लागतात. माझ्या ट्रेमध्ये पाने आहेत तीन.

काका उठले, जोडे घातले, पिशवी घेतली.

“कागद मी आणतो,” ते दारातून म्हणाले. “कोणता आणायचा?”

“ए-फोर. आणि पट्टी घेऊन जा.”

ते जिना उतरत आहेत. कागदाचे दुकान लांब नाही, पण वाटेत चार जण भेटणार आणि चौघांच्या पायांकडे ते बघणार, तेव्हा वेळ लागेल. लागू दे. ते येईपर्यंत मी गरम राहतो.